पाठमोरी बाकं

७ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी मिळतील. मिळालेच तर.

तुझ्या विमा कंपनीतल्या लोकांना सुट्टीच्या दिवशी घरी कोणी ठेवून घेत नाही का? गेल्या शनिवारी सकाळी मी दूध घेऊन येते तो काय, आमच्या बागेच्या फाटकाशी पोपटी सदऱ्यांचा घोळका! प्रत्येकाच्या छातीवर 'हात आमचे, बाग तुमची'. मला वाटलं निवडणुका लागल्या. मग त्या घोळक्यात तू दिसलीस, गळ्यात शिट्टी, हातात कर्णा. सख्खी पुतणी ना तू माझी? मला बघून हात हलवलास आणि दुसऱ्याच क्षणी कोणावर तरी शिट्टी फुंकायला पळालीस. चहालासुद्धा आली नाहीस.

फोन कर म्हणशील, तर ते होणार नाही. उभी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि निवृत्त झाले त्याच आठवड्यात घरातलं यंत्र परत करून आले. मला बोलायचं असलं की मी लिहिते. निदान मध्येच कोणी तोडत नाही.

तर तुमची समाजसेवा. भिंतीकडेला आपली आपण उगवलेली फुलझाडं तुमच्या माणसांनी तण म्हणून उपटली आणि शेजारच्या खऱ्या तणाला खत घालून, आळं करून, झारीने पाणी घातलं. तो उंच गृहस्थ, ज्याला सगळे 'दावेसाहेब' म्हणत होते (विम्याचे दावे तोच मंजूर करतो म्हणे), तो फोटो निघेपर्यंत कुदळ उलटी धरून उभा होता. फोटोत कुदळ सुंदर आली असेल. 'रंग ओला आहे' अशी पाटी तुम्ही लावलीत, पण पाटीचाच रंग ओला होता. ती उलटी छापून घेतलेला एक मनुष्य पाठीवर मिरवत घरी गेला. हे सगळं मी सोसलं असतं. गॅलरीतून बघताना माझी करमणूकच झाली, खोटं कशाला बोलू?

पण ती दोन बाकं का फिरवलीत?

पंपघराच्या कोपऱ्यातली, पाठीला पाठ लावून ठेवलेली. एकाचं तोंड फाटकाकडे, दुसऱ्याचं पाण्याच्या टाकीकडे. कित्येक वर्षं ती तशीच आहेत. तुम्ही ती समोरासमोर आणलीत, इतकी जवळ की बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागावेत, आणि वर पाटी ठोकलीत, 'संवाद कोपरा'. कोणी सांगितलं होतं?

माझ्या बाकावर आता संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं. माझी तक्रार एवढीच आहे, उन्हाची. बाकं होती तशी करून द्या. तेव्हापासून त्या कोपऱ्यात कोणी बसलेलं नाही. कोणी म्हणजे कोणीच.

आशीर्वाद आहेत, पण सध्या उन्हात ठेवले आहेत.

तुझी मधली काकू

१२ फेब्रुवारी

प्रिय मधल्या काकू,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर का पाठवलंस गं? आमच्या टपालवाल्यांनी ते 'ग्राहकांच्या तक्रारी' म्हणून फोडलं आणि ते थेट सोमवारच्या बैठकीत गेलं. मोठ्या साहेबांनी मोठ्याने वाचलं. 'कुदळ सुंदर आली असेल' या वाक्यावर दावेसाहेब सोडून सगळे हसले. मी तुझी पुतणी आहे हे मी सांगितलं नाही. पण 'भिंगरे' म्हणून हाक मारणारं माणूस कोण, असं सगळे विचारतायत आणि आता मला कॅन्टीनमध्येसुद्धा भिंगरीच म्हणतात.

फुलझाडांबद्दल माफी. ती जबाबदारी संगणक विभागाची होती.

बाकांचं मात्र ऐक. त्यासाठी आम्ही तज्ज्ञ बोलावला होता. त्याने नकाशा काढून दाखवला की पाठमोरी बाकं म्हणजे तुटलेला समाज. माणसं एकमेकांकडे बघत बसली की एकटेपणा कमी होतो म्हणे. सगळ्या बागेत त्याला हीच एक गोष्ट फार खटकली. आता बाकांचे पाय सिमेंटमध्ये बसवलेत आणि बाग खात्याची मंजुरीही तेवढ्याच मांडणीला आहे. काढता यायची नाहीत.

पण ऊन लागतं ना? ते माझ्यावर सोड. शनिवारी आम्ही पुन्हा येतोय, सात जण आणि एक मोठी छत्री. बघच तू!

तुझी भिंगरी

ता. क. या वेळी चहाला नक्की येते.

१८ फेब्रुवारी

भिंगरे,

छत्री बघितली. सर्कशीला पुरेल एवढी आहे आणि रंग पोपटीच. आता त्या कोपऱ्यात ऊन नाही, हवा नाही आणि माणूस तर नाहीच नाही. चहाला आलीस हे चांगलं केलंस, पण बरोबर सहा जणांना आणलंस, त्यामुळे मला जे बोलायचं होतं ते पोटातच राहिलं. दावेसाहेबांनी चार बिस्किटं खाल्ली आणि मला विमा उतरवायचा आग्रह केला. माझ्या वयात! मनुष्य एकतर फार आशावादी आहे किंवा धंद्यात फार कच्चा.

ऊन नाही गं. उन्हाचं मी खोटं सांगितलं.

आता हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. दार लावून वाच.

तुझ्या थोरल्या काकू आणि मी एकाच इमारतीत राहतो, त्या वर आणि मी खाली, हे तुला माहीत आहे. आम्ही बोलत नाही हे सगळ्या घराण्याला माहीत आहे. कारणही तू ऐकलं असशील. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा आवडता फोटो थोरल्यांनी मोठा करून भिंतीवर लावला. मूळ फोटोत मी सासूबाईंच्या शेजारी उभी होते. भिंतीवरच्या फोटोत माझं कोपर आहे. फक्त कोपर! शेवटच्या आजारात त्यांना चमच्याने भरवणारं तेच कोपर. मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं, 'यापुढे तुमचं तोंड पाहणार नाही.' त्या म्हणाल्या, 'मला तरी तुझं पाहायची कुठे हौस आहे?'

मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली बाई. तिथे शब्द मोडला तर तेच वाक्य सुवाच्य अक्षरात पानभर लिहून द्यावं लागे. अजूनही शब्द मोडायचा विचार आला की बोटं दुखायला लागतात. पण त्याच सिस्टरांनी आम्हाला नियम बारकाईने वाचायलाही शिकवलं. मी पाहणार नाही म्हटलं होतं. ऐकणार नाही असं कुठे म्हटलं होतं?

तेव्हापासून जिना उतरताना मी खोकते म्हणजे त्या दार लावून घेतात. त्या खोकल्या की मी लावते. आणि रोज संध्याकाळी मी फाटकाकडे तोंड करून बसते आणि त्या मागच्या बाकावर टाकीकडे तोंड करून.

'आज कोणाचा तरी गुडघा दुखतोय म्हणे,' मी फाटकाला सांगते.

'दुखेल नाही तर काय? काही लोक अजून स्टुलावर चढून जळमटं काढतात,' टाकीकडून उत्तर येतं.

कोणी काय खाल्लं, कोणाच्या मुलाचं पत्र आलं, कोणत्या औषधाने पित्त होतं, सगळं आम्ही असं हवेत सांगतो. तुझा तो तज्ज्ञ म्हणतो तुटलेला समाज! बागेतली सगळी जोडपी समोरासमोर बसून आपापल्या फोनमध्ये बघतात. खरं बोलणं त्या एकाच कोपऱ्यात चालत होतं आणि तुम्ही नेमकं तेच सिमेंट घालून बंद केलंत.

आता खरं दुखणं सांगते. तुम्ही यायच्या आदल्या संध्याकाळी त्या टाकीला म्हणाल्या, 'मुलगा म्हणतो, आता एकटीने राहायचं नाही. मार्चअखेर न्यायला येतो. घर विकू म्हणतो. आता यावर कोणाला काही म्हणायचं असेल तर...' आणि तेवढ्यात रखवालदाराने बाग बंद व्हायची घंटा वाजवली. मी म्हटलं, 'उद्या बघू.'

उद्या तुम्ही आलात.

दाराबाहेरून बोल म्हणशील, तर आमच्या जिन्यात एक वाक्य बोललं की अख्खी इमारत उत्तर देते. पत्र लिही म्हणशील, तर खालून वरच्या मजल्यावर पत्र पोचवताना पोस्टमन मला वेड्यात काढेल. आणि लिहू तरी काय? असल्या गोष्टी हवेतच बोलता येतात.

तुझी मधली काकू

२३ फेब्रुवारी

बाळ भिंगरी,

थोरल्या काकूचं पत्र पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर बोललं की जिन्यात सगळं ऐकू जातं म्हणून लिहितेय.

तुमच्या कंपनीने बाग छान केली हो. झोपाळ्याला तेल घातलंत, आता तो रडत नाही. फक्त त्या दोन बाकांचं काही होण्यासारखं आहे का? खालच्या मजल्यावर कोणीतरी राहतं, तिला मी तोंड दाखवणार नाही असं एकदा ठरलंय. ते मी ठरवलं नव्हतं, पण मोडायचं असेल तर ज्याने ठरवलं त्याने मोडावं. मी वयाने मोठी आहे.

आता तू विचारशील म्हणून सांगते. फोटोवाल्याला मी एवढंच म्हटलं होतं की सासूबाईंना मध्यभागी घे. चौकट लहान निघाली. एका बाजूला तिचं कोपर राहिलं, दुसऱ्या बाजूला माझा खांदा राहिला. मीही कापली गेलेय, अगदी तिच्याएवढीच! पण ते दिसायला भिंतीसमोर क्षणभर उभं राहावं लागतं. ही आली तणतणत, आपलं कोपर तेवढं बघितलं आणि शपथ घेऊन मोकळी. मग मी तरी कशाला सांगू? मलाही राग येतो.

मी हवेत एक प्रश्न विचारला होता. हवेने 'उद्या' म्हटलं आणि मग हवा आलीच नाही. तेव्हा समजले. कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसून ठेवली आहे. मुलाला हो म्हणायचं तेवढं राहिलंय.

हे तिला सांगायचं नाही. तुला माझी शपथ आहे.

थोरली काकू

२८ फेब्रुवारी

मधल्या काकू,

मला एका व्यक्तीने शपथ घातली आहे, त्यामुळे मी तुला काही म्हणजे काहीही सांगणार नाही. एका कपाटावरून एक मोठी बॅग खाली आली आहे हेही सांगणार नाही. एका फोटोच्या दुसऱ्या कडेला कोणाचा तरी खांदा आहे, त्याबद्दल तर तोंडच उघडणार नाही. नियम बारकाईने वाचायचा हे मी तुझ्याकडूनच शिकलेय. मी बोलले नाही, लिहिलं.

आता ऑफिसचं. बाकं हलणार नाहीत, पण बाकांच्या मध्ये काय असावं याबद्दल मंजुरीच्या कागदात चकार शब्द नाही. सोमवारच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, 'संवाद कोपऱ्यात फुलपाखरांची फार गैरसोय होते आहे.' सगळे एकदम गंभीर झाले. मोठ्या साहेबांनी विचारलं, 'मग आपण काय करू शकतो?' मी म्हटलं, 'दोन बाकांच्या मध्ये एक उंच लाकडी जाळी आणि तिच्यावर दाट वेल.' तज्ज्ञ म्हणाला, 'पण मग माणसं एकमेकांना दिसणार नाहीत!' मी म्हटलं, 'फुलपाखरांना दिसतील.' ठराव मंजूर!

वेल वाढायला वेळ लागेल म्हणून आमच्या स्वागतकक्षातली, छतापर्यंत पोचलेली, अख्खी कुंडीसकट आणतोय. नऊ तारखेला. तू साडेपाचला फाटकाच्या बाजूने येऊन बस. दुसऱ्या बाजूची व्यवस्था मी बघते.

तुझी भिंगरी

११ मार्च

भिंगरे,

जाळी उभी राहिली. एका साध्या जाळीला एवढी मोठी माणसं लागतात हे मला ठाऊक नव्हतं. मोठे साहेब हातोडीकडे बघून सूचना देत होते, हातोडी दावेसाहेबांच्या हातात होती आणि खिळा दोघांनाही दाद देत नव्हता. शेवटी दावेसाहेबांनी अंगठ्यावर मारून घेतलं. आता त्यांचा दावा मंजूर करायला नवा साहेब नेमावा लागेल.

मी साडेपाचला जाऊन बसले. समोर वेल, वेलीच्या आत जाळी. जाळीपलीकडून बोलणं मला नवं नाही. शाळेच्या आवारातल्या चर्चमध्ये कबुलीजबाबाची पेटी होती. एकदा खेळताना मी पाद्र्याच्या बाजूला लपून बसले, तर वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंनी पलीकडे येऊन गुडघे टेकले आणि आमच्या दुधात पाणी घालत असल्याचं कबूल केलं. मी घोगऱ्या आवाजात त्यांना क्षमा केली. आठवडाभर दूध घट्ट होतं.

तर थोड्या वेळाने पलीकडचं बाक करकरलं. मी वेलीला म्हटलं, 'काही लोक कंपनीच्या गाडीतून आले वाटतं, घर समोर असून.'

'पुतणी पायऱ्यांपर्यंत गाडी घेऊन आली. बिचारीचं मन कोणी मोडावं?' तोच आवाज. थोडा बसलेला वाटला.

फुलपाखरू एकही नव्हतं, ते बैठकीत कळव.

'एका फोटोत एक खांदा आहे असं ऐकते,' मी म्हटलं.

'खांदा पहिल्या दिवसापासून आहे.'

'मग कोणीतरी तेव्हाच सांगायचं होतं!'

'कोणी विचारलं? शपथ घेण्यातून सवड मिळाली असती तर विचारलं असतं.'

भिंगरे, मी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता.

'एका शुक्रवारी कोणीतरी काही विचारलं होतं,' पलीकडून आलं.

'विचारलं कुठे होतं? निम्मंच वाक्य होतं ते.'

'उरलेलं निम्मं दुसऱ्याने म्हणायचं असतं.'

'वरचा मजला रिकामा झाला तर तिथे कोणीतरी ढोल वाजवणारं बिऱ्हाड येईल,' मी म्हटलं.

'म्हणजे तुला दुपारची झोप लागावी म्हणून मी थांबायचं होय?'

बघ, मला 'तुला' म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हवेऐवजी मला. मला वाटलं आता सिस्टरसारखी ताठ बसून एक चांगलं, पूर्ण, विरामचिन्हांसकट वाक्य बोलावं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

'मी जिन्यात खोकले आणि वर कोणी दारच लावलं नाही, तर मी खोकायचं कोणासाठी?'

पलीकडे काही हललं नाही. मला वाटलं उठून गेल्या. इतका वेळ गेला की मी पिशवी उचलली.

तेव्हा त्या खोकल्या.

पुढचं अजून ठरलेलं नाही. मुलगा चोवीसला यायचा आहे तो यायचाच आहे. त्यांनी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. पण आज त्यांनी मला तीन वेळा मूर्ख म्हटलं, तेव्हा काही आशा आहे.

तुझी मधली काकू

२० मार्च

मधल्या काकू,

घाईत लिहितेय. आमच्या जाळीला कंपनीच्या सगळ्या शाखांमधून पहिलं बक्षीस मिळालं! 'सर्वाधिक वापरलेला सार्वजनिक कोपरा.' मोठे साहेब त्यावर भाषण करणार आहेत, तज्ज्ञ त्यावर लेख लिहिणार आहे आणि दावेसाहेबांनी अंगठ्याचं बँडेज अजून काढलेलं नाही.

पण एक काळजी आहे. बागेच्या माळीकाकांनी कळवलंय की वेलीला काहीतरी लागलंय. बाकी सगळीकडे पानं टवटवीत आहेत, पण मधोमध, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक भोक पडलंय आणि ते रोज वाढतंय. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी. माळीकाका म्हणतात अशी कीड त्यांनी आजवर पाहिली नाही. वेल कंपनीच्या मालकीची आहे, म्हणून शनिवारी, तीस तारखेला, आम्ही फवारणी करायला येतोय, मुखवटे वगैरे घालून.

आणि चोवीसचं काय होतंय ते ताबडतोब कळव. मला इथे कामात लक्ष लागत नाही.

तुझी भिंगरी

२६ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद आधीच घे, आज भरपूर आहेत.

मुलगा रविवारी आला. मोठी गाडी, दोन माणसं, दोऱ्या, खोकी, सगळं घेऊन. थोरल्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी बागेत येऊन बसल्या. तो मागोमाग आला आणि म्हणाला, 'आई, सामान कधी उतरवायचं? माणसं खोळंबलीत.' त्या म्हणाल्या, 'थांब, मी बोलतेय.' तो म्हणाला, 'कोणाशी? इथे तर कोणी नाही.' त्यावर मी वेलीच्या मागून म्हटलं, 'कोणी नाही कसं? काकू आहे तुझी. पाया पडायचं राहिलं असेल तर फेरा घालून इकडे ये.' पोरगा टुणकन उडाला.

फेरा घालून आला. पाया पडला. मी त्याला सांगितलं की तुझ्या आईचं गुडघ्याचं औषध मी बघते, जळमटं बाई लावून काढून घेते आणि महिन्यातून एकदा तू स्वतः ये, खोकी न आणता. तो जाळीपलीकडे बघून म्हणाला, 'आई, तू काही बोलत का नाहीस?' त्या म्हणाल्या, 'ती बोलतेय ना? इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या मनातलं बोलतेय, बोलू दे.'

गाडी रिकामी परत गेली. बॅग पुन्हा कपाटावर ठेवायला मात्र त्या दोन माणसांचा उपयोग झाला.

आता तुझ्या किडीबद्दल. मुखवटे घालून येऊ नका आणि त्या वेलीवर औषधाचा एक थेंबही उडवायचा नाही. माझ्या बाजूची कीड मला चांगली माहीत आहे. ती चष्मा लावते आणि रोज संध्याकाळी, पलीकडचं लक्ष नाही असं बघून, एक पान खुडून पिशवीत टाकते. पलीकडची कीडही तेच करते. पानं तुटल्याचा आवाज मला येतो, मी टेलिफोनमधली बाई आहे. आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही.

शपथ अजून अभंग आहे हे लक्षात ठेव. मी कोणाचंही तोंड पाहिलेलं नाही. एक डोळा पाहिला आहे, पांढरी झालेली एक भुवई पाहिली आहे आणि काल गालाचा थोडा भाग. तेवढ्याला कोणत्याही सिस्टरने तोंड म्हटलं नसतं.

माळीकाकांना सांग, घाई करू नका. अजून नाक यायचं आहे.

तुझी मधली काकू